धाकट्याची खूण

झेफेरीनुच्या घोट्यामागची नस,
दोन सेंटिमीटर, पोर्तोच्या प्रयोगशाळेत आली.
चिठ्ठी अंगोलाहून परतलेल्या डॉक्टरची होती:
कुष्ठरोग?
सार्डिन भाजताना निखाऱ्यावर पाय पडला,
वास आला तेव्हा त्याला कळलं.

मी आधी जंतूच शोधले.
तांबड्या काड्या, सुट्या किंवा जुडीने,
तीन संध्याकाळी, सहा काचा.
निळं होतं सगळं. ओसाड निळं.

मग क्विटेरियाने काँगो रेड चढवला.
बारीक रक्तवाहिन्यांभोवती गुलाबी काहीतरी साचलेलं,
जाळ्याच्या गाठीत मेण अडकावं तसं.
ध्रुवक काच फिरवली
आणि गुलाबी होतं तिथे हिरवं पेटलं.
पुस्तकं म्हणतात, सफरचंदाचा हिरवा.
मी पोव्हुआची. आमच्या बंदरात शिरताना
डावीकडे तांबडा दिवा, उजवीकडे हिरवा.
दोन्हींच्या मधून होडी आली की
धक्क्यावरच्या बायका शाली सावरतात.

सहसा मी माणसं पाहत नाही, काचा पाहते.
त्या दिवशी खाली गेले.
"जंतू सापडला का?"
टोपी गुडघ्यावर, आवाजात चक्क आशा.
जंतू असता तर गोळ्या असत्या.
जंतू असता तर तो त्याचा एकट्याचा असता,
कुठल्याशा परक्या बंदरात कमावलेला.
नाही, म्हटलं. आणि विचारलं,
वडील कसे चालायचे?

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं,
ती सुरू होत नव्हती.
"पाय उचलून," तो म्हणाला.
"पाण्यात चालल्यासारखे.
कोरड्या रस्त्यावरसुद्धा."

आमच्या कोळ्यांत घराण्याची खूण असते,
होडीवर, वल्ह्यावर, जाळ्याच्या बुचांवर कोरलेली.
थोरली मुलं त्या खुणेत आपापली रेघ वाढवतात.
धाकट्याला ती बापाची जशीच्या तशी मिळते,
घर मिळतं तशी.
झेफेरीनु पाच भावांत धाकटा.
रेघ वाढवलेल्यांपैकी दोघांचे पायही गेलेच होते,
पण हे त्याला आत्ता, माझ्यासमोर आठवत होतं.

रक्ताच्या कागदावर त्याने सही केली नाही.
खूण काढली. हात जराही हलला नाही,
बोटं अजून त्याची होती.

दुसरा कागद ओलिंदाचा.
ती सव्वीस वर्षांची, तिचं तिने ठरवायचं.
बाहेर बाकावर ती बूट काढून बसली होती
आणि उजव्या टाचेने
डाव्या पायाची बोटं दाबत होती,
थांबत होती,
पुन्हा दाबत होती.

पेन मी कागदावर ठेवलं नाही.
बाजूला ठेवलं.