खांब क्रमांक सतरा

माणशी तीनशे रुपये, जेवण धरून.
कुष्टा वेळीपने पैसे मोजले नाहीत, माणसं मोजली:
अकरा, आणि एक पोर.
मग प्रत्येकाच्या टॉर्चवर लाल पतंगाचा कागद
रबरबँडने बांधत गेला,
जखम बांधावी तसा.
"मोबाइल खिशात. अत्तरवाले मागे.
आणि झाड दिसलं की ओरडायचं नाही,
झाडाला वाटतं, आग लागली."

नेत्रावळी खाली राहिली.
पायाखाली जांभा, मग पाला, मग नुसता चढ,
तळव्यांनी वाचायचा.
ओहळ आटलेला; दगडांत
दुपार अजून शिल्लक.
पुढच्याचा खांदा धरून चाललो:
पणजीचे डॉक्टर नवरा-बायको,
मडगावच्या कॉलेजातल्या चौघी,
आणि मी, निवृत्त,
कुडचडे सबस्टेशन, एकतीस वर्षं.
हे कुणाला सांगितलं नव्हतं.
अंधारात कुणी हुद्दा विचारत नाही.

"दिवे पालयात," कुष्टा म्हणाला.
मालवले.
आधी काहीच नाही. डोळ्यांत
आपल्याच रक्ताचे ठिपके.
मग उजव्या हाताला, खालच्या फांदीवर एक,
सैल होल्डरमधल्या बल्बासारखा.
मग सात. मग मोजणं सोडलं.

आणि ती माट्टी
बुंध्यापासून शेंड्यापर्यंत
एकदम पेटली,
एकदम विझली.
पुन्हा.
पलीकडचा बेहडा अर्ध्या श्वासाने मागे,
मग तोही जुळला.

उमेदवारीत, पॉवरहाउसात, दोन जनित्रं जुळवताना
आम्ही असेच गप्प बसायचो काट्यासमोर.
काटा बारावर आला की स्विच.
एक चूक, आणि आख्खा तालुका काळोखात.
इथे काट्यासमोर कोण बसलंय?

पोराने विचारलं, "ह्यांचं बिल कोण भरतं?"
कुष्टा म्हणाला, "बायलो.
त्या खाली बसलेल्या असतात, गवतात.
वरचा पसंत पडला तर एकदाच लुकलुकतात.
वर्ष काढलेलं असतं मातीत, गोगलगायी खाऊन.
आता हे पंधरा दिवस
तोंडाला अन्न नाही, नुसता उजेड."

उतरताना देवळापाशी तो थांबला.
"ह्या जांभळीवर सगळ्यांत जास्त.
खाणीवर ट्रक होता माझा. रातपाळीवरून येताना
हिच्याखाली विडी ओढायचो, हेडलाइट बंद करून.
मग खांब आला. दुसऱ्या वर्षी निम्मे.
आता बघा."

जांभळी उभी होती पिवळ्या उजेडात,
पान न् पान वेगळं दिसत होतं.
काजुला एकही नाही.

खांबावरचा रंग पोपडलेला, पण आकडा वाचता येतो.
सतरा. सातची शेपटी वळलेली.
मीच काढला होता, शिडीवर उभा राहून.
त्या संध्याकाळी गावाने मला
अबोलीची माळ घातली, शहाळं दिलं.
एका बाईने बटण दाबलं, आणि चटका बसल्यासारखा
हात मागे घेतला, मग हसली.
खोटं नव्हतं ते हसणं.
वाटेवरचा साप दिसू लागला होता,
रातीबेराती बाळंतीण खाली नेता येत होती.

"पंचायतीला अर्ज केलाय," कुष्टा म्हणाला,
"मे अखेरचे पंधरा दिवस बंद ठेवा म्हणून.
पंचायत म्हणते, वीजखात्याला विचारा.
वीजखातं म्हणतं..."
वीजखातं काय म्हणतं ते मला पाठ आहे.
तसली पत्रं मीच लिहायचो.

बाकीचे जेवायला पुढे गेले.
उकड्या तांदळाचा वास, भाजलेल्या बांगड्याचा.
कटआउट खांबाच्या डाव्या अंगाला,
छातीच्या उंचीवर, झाकण अर्धा इंच सुटलेलं.
आत चिनीमातीचा फ्यूज. खाली ओढायचा,
सरळ, न थरथरता,
आणि डावा हात पाठीमागे ठेवायचा.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो.

डावा हात पाठीमागे आहे.
कुष्टा जांभळीकडे बघतोय.