प्रमाण वजन

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली,
म्हणून पंचकमिटीनं वही माझ्याकडे दिली.
"दुशिंगकाका, तरुण संघाची नवी गीतं आहेत, सदतीस.
नाताळाआधी छापायचीत.
शास्त्राला धरून आहेत का, तेवढं बघा."

तेवढं.

जालन्याच्या मोंढ्यात मी जन्मभर तराजू तपासले.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच पाहिली,
तळातलं शिसं काढून मेणानं बुजवलेली किलोची वजनं पाहिली,
आणि आमच्याच मंडळीतला एकजण,
जो रविवारी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणायचा
आणि सोमवारी किलोमागे पन्नास ग्रॅम खायचा.

गीताचं पारडं असं उलटं करून बघता येत नाही.
चाल हळूच बोट टेकवते, काटा खाली जातो,
आणि माणसाचे डोळे भरून येतात.
म्हणून आधी चाल काढून टाकली.
नुसते शब्द, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली,
आणि लाल पेन्सिल.

चौथं गीत. "मी" एकोणीस वेळा. क्रूस एकदाही नाही.
नववं. प्रभूच्या जागी शेजारच्या पोरीचं नाव घातलं,
कुठेच अडलं नाही.
अकरावं: "मागून तर बघ, दाराशी गाडी उभी राहील,"
खाली अध्याय आणि वचनाचा आकडासुद्धा.
उघडून पाहिलं.
वचन होतं, त्याच्या आधीची ओळ गाळली होती.
मेण मला अंगठ्याला कळतं.

एकविसावं बरोबर.
तीनदा वाचलं, बरोबरच,
सरकारी परिपत्रकासारखं बरोबर.
बरोबरची खूण केली आणि चहा ठेवला.

सव्विसाव्याखाली नाव होतं लिद्याबाई पाटोळे,
मिशन दवाखान्यात आया होती ती.
"काहून निजला रे देवा,
लेकरू तापानं फणफणलं, तू काहून निजला?"
देव निजत नाही, हे रविवारच्या शाळेतल्या पोरालाही पाठ.
समासात लिहिलं: शास्त्राला धरून नाही.

रात्री दोनला नळ आला, बाराव्या दिवशी.
हंडा भरता भरता आठवलं,
कोरहाच्या पोरांनी, मंदिरातल्या गाणाऱ्यांनी,
चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात देवाला हेच विचारलंय,
हिच्यापेक्षा चढ्या आवाजात.
हंडा वाहत राहिला.
ओल्या हातानं समास खोडला, कागद तिथे फाटला.

सदतिसावं माझ्या घरातलं.
सुवार्ता भांडी घासताना म्हणायची ते,
पोरांनी तिच्या आठवणीसाठी घातलेलं.
"पंख फुटतील, देवदूत होईन, दारी तुमच्या येईन."
कबरस्तानात साऱ्या मंडळीनं हेच म्हटलं होतं,
मी टोपी हातात धरून उभा होतो तेव्हा.

शास्त्रात माणसं देवदूत होत नाहीत.
माणसं उठतात, शरीरासकट.
म्हणजे तव्यावर पोळलेला तिचा तो अंगठाही असेल बहुधा.
पंखांपेक्षा हे बरं आहे, असं मला वाटतं.
वाटायला पाहिजे.

दर वर्षी माझी पितळी वजनं
मखमलीच्या पेटीत घालून औरंगाबादला न्यावी लागायची,
तिथल्या वजनांशी ताडून बघायला.
हाताळून हाताळून ती झिजतात, मिलिग्रॅमभर,
निरीक्षकाच्याच हातानं.
हे कमिटीला सांगायचं राहिलं.

वही परत दिली.
लिद्याबाईचं आहे. परिपत्रक आहे. सदतिसावं नाही.
संघाचा सेक्रेटरी, उपकार त्रिभुवन, मिसरूड नुकतं फुटलेला,
शेवटचं पान बघून म्हणाला, "काका, हे तर काकूंचं..."
"हो."
"मग चाल तरी ठेवू का? दुसरे शब्द घालून?"

चालीबद्दल कमिटीनं मला काही विचारलं नव्हतं.