साडेसहाच्या खाली

रात्री साडेअकराला, सातपूरच्या एमआयडीसीत,
पीएच मीटर लिंबाच्या रसाला म्हणाला : सात पूर्णांक दोन.
नळाच्या पाण्याला : सात पूर्णांक दोन.
यास्मिन अत्तारनं गंमत म्हणून चहात बुडवला.
सात पूर्णांक दोन.
इलेक्ट्रोड मेला होता,
टोपीतलं पाणी आटून मिठाचे पांढरे काटे.

आणि बर्फावर निरोप वितळून तयार.

एमआरएनएला आम्ही आपसात निरोप म्हणतो.
मराठीत निरोप देतात तो सांगण्याचाही, जाण्याचाही,
आणि हा दोन्ही करतो :
कामाचं सांगतो, दिवस-दोन दिवसांत विरून जातो.
अंगभर ऋण प्रभार.
घामाचं एक बोट लागलं तरी संपला.

म्हणून लिपिड.
कायम धन असणारी लिपिडं लोकांनी आधी वापरून पाहिली,
रक्तात दिसेल त्याला चिकटत सुटतात. विषारी.
सतत धन असणारी माणसंही मला फार वेळ झेपत नाहीत.
आमचं वेगळं आहे.
रक्तात, सात पूर्णांक चारला, पुस्तकातला शब्द : उदासीन.
साडेसहाच्या खाली गेलं
की एक प्रोटॉन उचलतं आणि धन होतं.
बफर चारचाच हवा.
अंदाजाचा चालत नाही.

दिगूचा नंबर फोनमध्ये फार खाली गेला होता.
दीड वर्ष. इंदिरानगरचा फ्लॅट, बाबांची सही,
वहिनीचं एक वाक्य, माझी तीन.
आता भांडणही नव्हतं,
लग्नकार्यात भेटलो तर जेवलीस का, जेवलास का.
उदासीन तिथंही बसतं.
पण तो गंगापूर धरणाच्या अलीकडे वाइनरीत आहे,
जानेवारीत द्राक्षं रात्री तोडतात, रात्रीच मोजतात.
"कनेक्टर कुठला?" एवढंच विचारलं त्यानं.

पगारेमामांनी गेटवर वहीत लिहिलं :
आवक. स्टीलचा डबा एक, आत काचेची कांडी.
डबा त्यानं जॅकेटच्या आत छातीशी धरलेला,
एका हातानं गाडी चालवत, सात अंशांत.
स्वेटरला आंबूस वास.

चार पूर्णांक शून्य शून्य.

दोन पंप सुरू केले.
एका नळीत अल्कोहोलमधली लिपिडं,
दुसरीत आम्ल आणि निरोप.
भेटायची जागा केसाएवढी.
दिगूनं काचेला नाक लावलं. "दिसत तर काहीच नाही."
नाहीच दिसत. किंचित निळसर झाक येते फक्त,
तांदळाच्या दुसऱ्या धुणवणासारखी.
मग सावकाश आम्ल धुवायचं,
लिपिड पुन्हा उदासीन होतं
आणि तरी गाठोडं सुटत नाही.

"मग सुटतं कधी?"
पेशी गिळते त्याला. एका पिशवीत घालते.
पिशवी पचवण्यासाठी आंबत जाते, सहा, साडेपाच,
तिथं लिपिड प्रोटॉन उचलतं
आणि पिशवीची भिंत फोडतं.
"म्हणजे आंबल्याशिवाय नाही."
नाही.
"आणि सगळे निसटतात?"
शंभरात दोन. कधी तीन.
बाकीचे आतच जिरतात.
"दोनावर भागतं तुमचं?"
एकच निरोप पेशी हजारदा वाचते, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.

अडीचला यास्मिननं आकडा वाचला : चौऱ्याण्णव टक्के आत.
मी कांडी धुऊन, टोपीत थेंब भरून पुढे केली.
"राहू दे. रविवारी न्यायला येतो."
हेल्मेट घालताना "फ्लॅटचं" म्हणाला, थांबला,
"चल, ट्रॅक्टर यायचाय द्राक्षांचा."
मामांच्या वहीत जावकेचा रकाना कोराच.

डब्याच्या तळाशी एक घड होता.
यास्मिननं एक मणी वाटीत चिरडून कांडी बुडवली.
तीन पूर्णांक एक.
मी दुसरा तोंडात टाकला.
दात आंबले.