दक्षिण खाली असते

आरारुआमाच्या खाऱ्या सरोवरातला चिखल
जान्दिरा मुरंब्याच्या बरणीत आणते.
झाकण सैल. खिडकीपाशी, पण उन्हाआड.
बरणीवर तारीख, आणि खाली बारीक अक्षरात:
हलवू नये. आत माणसं आहेत.

तिचा बाप अनीझिओ मिठागरात चाळीस वर्षं राबला.
पाणी कुठवर आटलं ते जिभेनं सांगायचा.
बोट बुडवायचा, चाटायचा, थुंकायचा,
म्हणायचा, अजून दोन दिवस.
हे जीवही तसेच, जान्दिरा म्हणते,
फक्त यांना बोट नाही, जीभ नाही,
सगळं अंगच जीभ.

ती काचेवर थेंब ठेवते. शेजारी लोहचुंबक,
फ्रिजच्या दारावरचं, अननसाच्या आकाराचं.
मी डोळा लावते.
धूळ. धूळ. मग त्या धुळीतले काही ठिपके
एकाच बाजूला निघतात
आणि थेंबाच्या काठाशी जाऊन दाटतात.
ती अननस फिरवते.
सगळे वळतात.

प्रत्येकाच्या पोटात लोहखनिजाचे वीसेक कण,
एका रांगेत ओवलेले,
भट्टीशिवाय, ऐरणीशिवाय, स्वतःच घडवलेले.
पृथ्वी त्या माळेला धरते
(इथं तिची पकड तशी सैलच, जान्दिरा सांगते)
आणि तिरकं खाली दाखवते, दक्षिणेकडे,
जिथं गाळ आहे,
जिथं प्राणवायू इतपतच की त्याचं विष होत नाही.

माझ्या भाषेत दक्षिण यमाची.
तिकडे पाय करून झोपू नकोस, आई म्हणायची,
आणि मी अजून परक्या खोल्यांतले पलंग ढकलते.
जान्दिराला हसू आवरत नाही.
इथं यम वर राहतो, ती म्हणते. वर हवा आहे.

दुसरी बरणी बव्हेरियाहून आलेली, टपालानं.
तिथल्या तळ्यातल्यांना खाली जायचं तर उत्तर धरावी लागते.
इथंही त्यांनी उत्तरच धरली, इमानानं,
आणि वर चढत गेले,
लख्ख, मोकळ्या, मारक हवेकडे.
हवा चाखून काही मागे फिरले,
पुन्हा तीच रेघ, पुन्हा वर.
त्यांचं काही चुकलं नव्हतं. गाव बदललं होतं.

जान्दिरा रोज मोजत राहिली.
दर पिढीत थोडे उलटे निपजतात,
उत्तर सोडून दक्षिणेला जाणारे,
मायदेशी फुकट गेलेले.
सातव्या आठवड्यात बरणी त्यांची झाली.
कुणाचं मतपरिवर्तन झालं नाही,
कुणी काही शिकलं नाही.
नुसती मोजदाद बदलली.

निघताना ती एक शेवटचा थेंब दाखवते,
काही न सांगता.
अननस फिरवते. सगळे वळतात.
पुन्हा फिरवते. वळतात,
शिस्तीत, एकजात,
आणि जागचे हलत नाहीत.

हे काल मेले, ती म्हणते. फॉर्मालिननं.
वळायला जीव लागत नाही.

मग जिवंतपण कुठं असतं?
ती पुन्हा पहिली काच सरकवते.
एकटा, काठापासून सुटलेला एक ठिपका:
जातो. थबकतो. चार पावलं मागे.
पावलं नाहीत, पण मागे.
चुंबक फक्त वरखाली आखून देतं;
त्या रेघेवर कुठं राहायचं
हे तो पाण्याला विचारतो, घडीघडीला,
आणि मिळालेलं उत्तर जपून ठेवत नाही.

संध्याकाळी तिच्या घरी बोय माशाचं सार.
अनीझिओ आता लेकीलाही ओळखत नाही,
मला तर कुठून ओळखणार.
वाटी पुढ्यात येताच त्यानं बोट बुडवलं,
चाटलं,
पाण्याकडे बघत बसला जरा वेळ.

अजून दोन दिवस, म्हणाला.