सातवी सही

संस्था काढायची तर माणसं सात लागतात.
कायदा अठराशे साठचा,
आमचे आजे जन्मायच्या आधीचा, गोऱ्या साहेबानं केलेला.
त्याच कायद्यानं आम्ही आता
आज्यांना कायदेशीर करायला निघालो होतो.

परभणीच्या धर्मादाय कार्यालयात
पंखा फिरतो तो फक्त बाबूच्या डोक्यावर.
त्यानं अर्ज वाचला, चष्मा वर सारला.
'हुतात्मा' लिहिलंय. मेलं कोण?

आम्ही एकमेकांकडं पाहिलं.
मेलं तसं कोणीच नाही, साहेब.
जेलातून सगळे परत आले.
मुंजाजीच्या आज्यानं पानमळा लावला,
शिवलिंग अप्पाचा आजा दम्यानं गेला,
माझा तर शहाण्णव वर्षं जगला
अन् शेवटपर्यंत भजनात बेसूर गायला.

बाबूनं 'हुतात्मा' खोडलं.
'पूर्वज' लिहा, म्हणाला, पूर्वजाला पुरावा लागत नाही.
मग स्वतःच थबकला.
लागतो म्हणा. आणा काहीतरी.

पुरावा होता.
ट्रंकेच्या तळाशी, घड्यांवर जाळी पडलेला एक कागद,
सगळा उर्दूत.
सहा वारस, दोघं पदवीधर,
अन् त्या लिपीपुढं सहाच्या सहा अंगठाबहाद्दर.
ज्या कागदानं आज्यांना आत घातलं
तो उलटा धरलाय की सुलटा, तेही कळेना.

मग मोईनुद्दीन मास्तर आठवले.
शाळेत आम्हाला भूगोल शिकवायचे,
दुधनेचा उगम विचारून कान पिळायचे.
ते ओसरीवर बसले, कागद मांडीवर पसरला,
बोट उजवीकडून डावीकडं चालू लागलं:

पंधरा बहमन, तेराशे सत्तावन्न फसली.
मौजे कोंडगाव.
सरकारी शिंदीची झाडं तोडताना धरलेले इसम.
मग नावं.
मुंजाजी वल्द सटवाजी, उमर बावीस.
लिंबाजी वल्द ग्यानोबा, उमर एकोणीस.
माझा आजा एकोणीस वर्षांचा?
मी त्याला कधी सत्तरच्या खाली पाहिलाच नव्हता.

तळाशी मास्तरांचं बोट थांबलं.
इथं आधी 'सात' लिहिलंय.
खोडून 'सहा' केलंय.
अन् त्याखाली लिहिणाऱ्याचं नाव, मोहर्रिर गुलाम दस्तगीर.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
ये हमारे दादा, म्हणाले.

सातवा कोण, ते गावाला दोन तऱ्हांनी माहीत आहे.
कोणी म्हणतं तोच फितूर.
कोणी म्हणतं तो नव्हता, ती होती,
कुऱ्हाड खांद्यावर अन् पाचवा महिना.
खोडणाऱ्याला दया आली असेल,
दोन रुपये मिळाले असतील,
नुसता मोजण्यात चुकलाही असेल.
शाई बोलत नाही.

सहीला सातवा माणूस मिळत नव्हताच.
रकाना होता: पूर्वजाशी नाते.
आम्ही सहा जणांनी लिहिलं, नातू.
मास्तरांनी टोपण काढलं, विचार केला,
सावकाश लिहिलं: यादी लिहिणाऱ्याचा नातू.

बाबू म्हणाला, असं नातं नसतं.
मास्तर म्हणाले, मग खोडा.
आमच्या घराण्यात खोडायची रीत आहे.

बाबूचा पेन कागदावर टेकला, तसाच राहिला.
मग त्यानं शिक्का उचलला, पॅडवर दोनदा आपटला,
शाई वाळली होती म्हणून थुंकी लावली,
अन् मारला.

उद्देश तीन टाईप केले होते:
वाचनालय, सतरा सप्टेंबरचं झेंडावंदन, गुणवंतांचा सत्कार.
चौथा मी तिथंच उभ्यानं पेन्सिलीनं लिहिला,
सातव्याचा शोध.
चालतं का, विचारलं नाही.

परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, कोंडगाव किती?
सहा, मी सवयीनं म्हणालो.
मागच्या बाकावर मास्तर खिडकीबाहेर पाहत होते,
मांडीवर फाईल, फाईलवर दोन्ही हात.
तिकीट फाटायच्या आत
मी खोडून सांगितलं,
सात.