बिघडवण्याचा तास

कुमासीत, लोखंडाच्या गल्लीत, भर दुपारी
उस्ताद बोआतेंग हातातला पाना खाली ठेवतात
आणि म्हणतात, आज दुरुस्ती बंद.

मधोमध मशीन उभं, पामच्या बिया फोडणारं.
टरफलासोबत आतला गरही चुरडतं.
तीन आठवडे आम्ही त्याचे दात घासतोय,
पट्टा सैल करतोय, पट्टा घट्ट करतोय;
गर चुरडतोच.

काल त्यांनी मला भंगाराच्या डब्यात
डोळे मिटून हात घालायला लावला.
जे हाताला लागेल, त्यालाच विचार, म्हणाले.
मला सायकलची घंटी मिळाली.
दिवसभर वाजवली.
घंटीला काही सुचलं नाही, मलाही नाही.
न्सिया एवढा हसला
की चष्मा न लावताच वेल्डिंगला बसला.

आज पत्र्याच्या दारावर उस्ताद खडूने लिहितात:
एकही गर धड राहता कामा नये. कसं कराल?

आधी कुणी तोंड उघडेना.
चांगलं सुचवायला माणूस लाजतो, हे ठाऊक होतं;
वाईट सुचवायलाही लाजतो, हे आज कळलं.
मग न्सिया म्हणाला, वेग दुप्पट करा.
मी म्हटलं, लहानमोठ्या बिया एकत्रच ओता.
मग काय, धरणच फुटलं!
चाळणी फाडा, हातोड्यांना गंज चढवा,
मशीन न्सियाच्या मेहुण्याच्या हाती द्या!
दार वरून भरत आलं,
उस्ताद खाली बसून लिहू लागले,
त्यांचे गुडघे करकरले.

सेर्वा दारात केंकी विकायला बसते.
टोपली आवरता आवरता ती म्हणाली,
त्यात काय एवढं, ओल्या बिया टाका.
ओला गर टरफलाला बिलगून असतो,
पाठीला बांधलेल्या पोरासारखा.
एकाला मारलं की दुसऱ्याला लागतं.

खडू थांबला.

बाहेर पत्र्यांवर ऊन सांडलेलं,
फुकटचं, तीन आठवड्यांचं.
आम्ही मशीनच्या पोटात डोकं खुपसून बसलेलो.
पोत्यात हात घालून
बी कुणी पाहिलीच नव्हती.

चार दिवस बिया वाळत घातल्या.
मशीनला कुणी बोट लावलं नाही.
अजूनही शंभरात वीस चुरडतात;
उस्ताद म्हणतात, सोमवारी पुन्हा बिघडवू.
सेर्वाला कल्पनेचे पैसे नकोत,
मागच्या दोन केंक्यांचे मात्र हवेत.

मी एक वाळलेली बी कानाशी धरून हलवतो.
आत गर सुटा झालाय, खुळखुळतो.
खिशातली घंटीही
आत काही सुटं असतं म्हणूनच वाजते.
तिने हे पहिल्याच दिवशी सांगितलं असेल.
मी फार जोरात वाजवत होतो.