दोन महिन्यांचं डिपॉझिट

मला मतं आहेत.
चहात वेलची घालणं म्हणजे चहावर अविश्वास दाखवणं.
वारज्याच्या पुलाखाली राँग साइडने येणाऱ्यांना
त्याच पुलाखाली महिनाभर उभं करावं.
हेल्मेटबद्दलसुद्धा ठाम मत आहे,
ते डिकीत असतं.

कोथरूड नेमकं कुठे संपतं यावरून
मी निशिगंधाशी अडीच तास भांडलेय,
डहाणूकरला, बंद झेरॉक्सच्या पायरीवर,
दोन प्लेट पॅटिस आणि एक सोडा संपेपर्यंत.
ती म्हणाली, भाडं जिथे परवडायला लागतं तिथे संपतं.
मी म्हणाले, हे उत्तर नाही, ही तक्रार आहे.
नौशीन मध्ये बसून दोघींच्या प्लेटमधलं खात होती.
बोटं पुसून तिने मिरजेच्या हेलात निकाल दिला,
"दोघीबी चुकलाय बघा."
तिचा निकाल अंतिम असायचा.
तीन वर्षं असंच चाललं होतं.

मग मालकीणबाईंचा मुलगा
बायको आणि कुत्र्यासकट स्टुटगार्टहून परत आला
आणि आम्हाला एप्रिलअखेर खोली सोडायची होती.

अकरा दिवसांत नऊ फ्लॅट.
एजंट खिलारे, कोपरात हेल्मेट, कमरेला किल्ल्यांचा घोस.
मी त्याला सोडला नाही.
कुलूप उघडायचे महिन्याचे पैसे कसले?
मेंटेनन्समध्ये लिफ्ट आहे की फक्त लिफ्टचा आवाज?
मुलं वर येणार नाहीत म्हणजे?
आमचे भाऊ काय खालून हाका मारणार?
तो हसायचा. म्हणायचा, ताई, वकिली करा.

चौथ्या फ्लॅटमध्ये त्याने वही काढली.
पूर्ण नावं सांगा.
निशिगंधा केसकर.
माझं मी सांगितलं.
नौशीन मुजावर.

पेन थांबलं.
मग न वाजलेला फोन त्याने कानाला लावला,
गॅलरीत गेला, परत आला,
मालकांशी बोलून कळवतो म्हणाला.

तेव्हा मी काय केलं?
मोरीतला नळ सोडून पाहिला.
पाण्याला फोर्स चांगला होता.
बराच वेळ मी ते पाणी बघत उभी होते.

लिफ्टमध्ये नौशीन म्हणाली,
"ओटा लहानच होता गं."
ओटा चांगला सात फुटी होता.

सहाव्याला तेच. सातव्याला
तिने स्वतःच नाव आधी सांगून टाकलं, दारातच,
म्हणजे आम्हाला जिने चढायला नकोत.
नवव्याला ती आलीच नाही.
हडपसरला मामेबहिणीकडे जागा आहे म्हणाली,
ऑफिसपण जवळ पडेल.
तिचं ऑफिस बावधनला आहे.

डिपॉझिटसाठी आम्ही जमवलेले पैसे तिच्याकडे होते.
तिने रुपया रुपया वाटून पाठवले,
वर सिलेंडरचे राहिलेले एकशे चाळीस,
शेवटी एक हसरा चेहरा.
मी त्याला उत्तर म्हणून हसरा चेहरा पाठवला.
हेही केलं मी.

नवा फ्लॅट हवेशीर आहे.
गॅलरीतून टेकडीची एक बाजू दिसते,
निशिगंधाच्या मते ती वेताळ टेकडी नाहीच.

रविवारी नौशीन येते, दोन बस बदलून.
खाली रजिस्टर आहे.
एकदा वॉचमनचं पार्सल आणायला गेले तेव्हा वाचलं.
नावाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, एन. एम.
कोणाकडे, तिथे माझं नाव, शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घासकट.
भेटीचं कारण, काम.

काल पुन्हा वेलचीवरून जुंपली.
निशिगंधा म्हणाली तू हट्टी आहेस,
मी म्हणाले मी तत्त्वाची आहे,
आणि सवयीने दोघींनी मध्ये बघितलं.

नौशीन कपात बिस्किट बुडवत होती.
म्हणाली, "असंल. तुमचं तुम्हाला म्हाईत.
साडेनऊची बस किती वाजता असते गं?"